पुरवणी अहवाल

हॅलिफॅक्सहून सतरा पानं आली.
दुसरं मत.
पहिलं माझं होतं, दीड पानाचं.

डॉक्टर अ‍ॅचेसन कुठेही आवाज चढवत नाहीत.
एवढंच विचारतात, मनगटाची फिल्म कुणी पाहिली का.
उजव्या कोपऱ्यात हाडाची कड
उसवलेल्या बाहीसारखी, धागे सुटलेली.
माझी नजर तेव्हा बरगड्या मोजत होती.
एक, दोन, तीन.
तीन पुरतात.

बाळ एलिस किवेला, वय अकरा आठवडे,
दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मलेलं.
रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासलेलं नाही, असं त्या लिहितात.
तपासायला हवं होतं, असं लिहीत नाहीत.
तेवढी जागा माझ्यासाठी मोकळी सोडली आहे.

मी लिहिलं होतं : वडील नजर टाळतात.
तापिओ किवेला थंडर बेच्या लाकूड गिरणीत आहे,
सगळ्यांशीच बुटांकडे बघून बोलतो.
हे मला नंतर कळलं, पेट्रोल पंपावर,
तो माझ्यापुढे रांगेत पैसे देत असताना.

आता आधीच्या हिवाळ्याचं.
एक मुलगी होती, कानामागे निळा डाग.
मी लिहिलं, निश्चित सांगता येत नाही.
ती घरी गेली.
मार्चमध्ये परत आणली तेव्हा
न सांगता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.
तिचं नाव इथे लिहीत नाही.
पण किवेलांच्या कागदावर 'निश्चित' या शब्दाखाली
सही तिची आहे.

दोनशे चौदा दिवस.
मंगळवार आणि शुक्रवार, एकेक तास,
कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली सरकारी बाई.
वहीत तापिओचं अक्षर : आत ३.००, बाहेर ४.००.
एकदाही ४.०१ नाही.
लोर्नाकडे दिलं की एलिस आता रडतो,
दाराकडे हात करतो, जिथे दुसरी आई
त्याचं जाकीट घेऊन उभी असते.

अ‍ॅचेसनही निर्दोष म्हणत नाहीत.
सतराव्या पानावर : आजाराशी सुसंगत,
इजा नाकारता येत नाही.
म्हणजे सांगता येत नाही.
म्हणजे तेच वाक्य, माझंच,
हॅलिफॅक्सला जाऊन आलेलं.

अहवालात 'मी' लिहायची पद्धत नसते.
आढळले. दिसून आले. असे मत झाले.
सकाळी यूनीसला टायपिंगला कागद दिला,
तिनं चष्म्यावरून पाहिलं,
हे असंच ठेवायचं?

मनगटाची फिल्म मी पाहिली होती.

हो, म्हटलं. असंच.