सहावं कडवं

दिवसा मी नॉरिचच्या दप्तरखान्यात
जपानी कागदाची ठिगळं लावते जुन्या पत्रकांना.
परवा एक आलं, एका पेनीचं:
विधवा आणि तिचं गळकं छप्पर.
वर ठशातली बाई. हीच बाई मी
दुसऱ्या एका पत्रकावर फासावर लटकताना पाहिलीय.
छापखान्याकडे बाईचा ठसा एकच,
चेकाळायलाही तीच, मरायलाही तीच.

शाकारणारा येतो, शिडी टेकवतो,
'बाई, गळतंय कुठं?'
'खालून नाही कळायचं, वर ये.'
अशी पाच कडवी. पेंढ्या, ओले वासे,
आणि सहाव्याच्या जागी भोक.
चौकोनी.
उंदीर असं कोपरे धरून खात नाही.
कुणी पाद्री असावा, जुन्या कागदांचा शौकीन,
ज्याला पत्रक हवं होतं, पण अख्खं नको.
मी नोंद केली: शेवटचं कडवं नाही.

मंगळवारी यार्मथला, पबच्या माडीवर,
मेव्हिस अटिंग उभी राहिली.
ब्याऐंशी वर्षं, गुडघ्याला पट्टा, हातात अर्धी बिअर.
आत्या तिची गोदीवर हेरिंग चिरायची
बोटांना चिंध्या गुंडाळून. गाणं तिथलं.
डोळा मारणं नाही, हातवारे नाहीत,
वाण्याची यादी वाचावी तशी गायली.
निवृत्त हेडबाई खिदळून खोकल्या.
एका पोराने फोन वर धरला;
मेव्हिस थांबली, नुसती बघत राहिली,
तेव्हा तो फोन मांडीखाली गेला.

पाचवं संपलं.
ती थांबलीच नाही.

सहाव्यात वरून विधवा हाक मारते,
'शिडी कोण हलवतंय रे?'
आणि खाली, झग्याचा घोळ सावरत,
पाद्रीबुवा उभे. शिडी धरून.
आपली पाळी कधी, विचारत.

माडी हादरली. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
आणि एकदम आठवली ती हळदीची रात्र:
सुमनमावशी विहिणीला गाण्यातून शिव्या घालतेय,
बायका लोळताहेत चटईवर,
आणि नेमक्या एका ओळीला
आईचे हळदीचे हात माझ्या कानांवर.

बुधवारी नऊ वाजता नोंद उघडली.
'नाही' खोडलं. पुढे मेव्हिसचा पत्ता लिहिला.
मग बार्शीला फोन लावला.
मावशी बराच वेळ गप्प.
मग कुजबुजली,
'आत्ता नको गं बाई,
जावई जेवायला बसलेत.'