जुन्याच भोकांतून

वॉल्सॉलला, स्टेशनमागच्या उतारावर,
खोगीरवाल्यांच्या ज्या चार-दोन खिडक्या अजून उघडतात
त्यांतल्या एकीत थर्झा गॉडरिज मला काम शिकवते.
शिकवते म्हणजे,
मी चुकले की चहा ओतते.

आज यार्डली आला. सत्तरीचा, टोपी हातात.
टेबलावर ठेवली आईची बॅग:
सुईणीची, काळी, तोंड वासलेली,
मूठ एका बाजूनं उसवलेली.
"मी हिच्यातूनच आलो, असं सांगायचे मला लहानपणी,"
म्हणाला, आणि हसला नाही.

मी उत्साहानं खण ओढला.
दातेरी पंच, फडक्यात गुंडाळलेले:
इंचाला सात टाके, आठ, दहा;
फ्रेंच, तिरप्या अक्षरासारख्या दातांचे;
जपानी, पत्त्यातल्या चौकटसारखे;
आणि एक शेफील्डचा, ज्यावरचं कुणाचं तरी नाव
मोगरीच्या घावांनी चपटं झालंय.

सात लावला. तिसऱ्या भोकाला घसरला.
आठ लावला. पाचव्यापर्यंत सोबत आला,
मग आपल्या वाटेनं निघून गेला.
"साडेसात असतो का?" मी विचारलं.
थर्झानं किटली ठेवली.

म्हटलं, नवी ओळ मारते मग,
जुन्या भोकांच्या मधोमध.
तिनं पर्समधून टपालतिकिटांची पट्टी काढली.
"दुमड. ओढ."
फाटली. सरळ, सुरेख, दाताला दात.

मग भिंग दिलं.
मोजू नकोस, म्हणाली, बघ.
दोन भोकं जवळजवळ, एक लांब,
वळणावर दाटी, पुढे सैल,
एके ठिकाणी आरी अडखळून पुन्हा घुसलेली.
पंच नव्हताच कधी.
कुणीतरी गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून,
बहुतेक दिवेलागणीनंतर,
एकेक भोक त्या त्या वेळी ठरवलं होतं.

सगळे पंच पुन्हा फडक्यात.

दोऱ्यावर दुपार गेली.
माझा हात पॉलिएस्टरकडे: न कुजणारा, न तुटणारा,
रिळावर तसं छापलेलंच.
थर्झानं तो दोन्ही मुठींत ताणला. तुटला नाही.
तिच्या तर्जनीवर लाल रेघ उठली.
ती तिनं मला दाखवली.
"कातडं ऐंशी वर्षांचं आहे.
दोघांतलं एक कधीतरी हरणार.
कोण, ते आज ठरव."

लिनन घेतला. तीनपदरी, मळकट पांढरा,
शिवणीच्या चौपट आणि वर दोन वीत,
कारण माझा हात अजून उधळा आहे.
मेणाच्या वडीवरून तीनदा ओढला.
चौथ्यांदा तो कुरकुरला.
पुरे, म्हणाली.

दोन टोकांना दोन सुया,
बोथट, वाट शोधणाऱ्या, पाडणाऱ्या नव्हेत.
डावी आधी, उजवी मागून, त्याच भोकातून,
अरुंद बोळात दोन शेजारणींनी
धुण्याच्या पाट्या सावरत जावं तशा.

जिथं आरी अडखळली होती
तिथं एका टाक्याला दोन भोकं होती.
विचारायला मान वर केली.
थर्झा पायरीवर, यार्डलीला बिस्किट देत होती.
मी अलीकडचं घेतलं.
का, ते सांगता येणार नाही.

सहाला यार्डलीनं मूठ धरून बॅग उचलली.
रिकामीच, तरी खाली दुसरा हात लावून.
"किती वर्षं टिकेल?"
"दोरा तुटला की घेऊन या," थर्झा म्हणाली.
"आधी तोच तुटायला हवा."

मला वाटलं, त्याला हे पटलं नाही.
टेबलावर उरलेला वीतभर तुकडा त्यानं उचलला,
करंगळीला गुंडाळला, सोडला,
नाकाशी नेऊन मेणाचा वास घेतला.

आई हाच बांधायची, म्हणाला. नाळेला.
बिनमेणाचा.