एक तास बारा मिनिटं

एक तास बारा मिनिटांवर फिल्म जळते.
आधी नायिकेच्या गालावर तपकिरी डाग,
चहा सांडल्यासारखा, पसरत जाणारा,
मग पांढरं. मग अंधार.
मग लंबासातली साडेतीनशे माणसं
एकदम शिट्ट्या मारतात.

ही डिस्क मी विकलेली आहे.
दोन डॉलरला एक, पाचला तीन,
बस स्टँडपाशी, कसाव्याच्या चिप्समागे
खोक्यात, वर कालचं वर्तमानपत्र.
तिथून शंभर पावलांवर, मूनलाइट थिएटरात
माझे वडील, बिसुनदेव, मशीन चालवायचे.
घरभेदी म्हणतात तो मी.

रिळं सुवाहून बोटीनं यायची.
समुद्र खवळला की सिनेमा बुधवारी.
ऊसतोडीच्या दिवसांत ट्रक भरभरून लोक,
पुरुषांच्या दंडांवर जळक्या उसाची राख तशीच,
बायकांच्या कानामागे मात्र ताजा चाफा.
रामखेलावनची बायको दोन रुमाल आणायची,
एक स्वतःला,
एक शेजारी जी कोण बसेल तिला.

मग ट्रक येईनासे झाले.
सात माणसांच्या घराला
मूनलाइट परवडत नव्हतं, माझी डिस्क परवडायची.
पुरात पूल गेला तेव्हा तीन आठवडे
पलीकडच्या वस्तीत माझाच सिनेमा चालला.
हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो,
फक्त आज आवाज जरा खाली असतो.

कॅमेरा फैयाझचा. त्याला बाजूच्या दारानं
मीच आत सोडलं, चाळीस डॉलर घेऊन.
एच रांग, खांबाच्या डावीकडे.
किल्ली वडिलांच्या जुडग्यातली,
ते अंघोळीला गेले तेवढ्यात काढलेली.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणे.
माझ्या मनात अख्खं मूनलाइट होतं,
निळ्या अक्षरांसकट,
शेवटचं अक्षर कायम विझलेलं.

वाईट प्रत आहे ही. पडदा तिरका.
मध्येच कुणाचं डोकं येतं आणि
नायकाच्या छातीवर बराच वेळ राहतं.
एक मूल रडतं, त्याला बाहेर नेतात,
दार उघडतं तशी मरणाच्या सीनवर ऊन पडतं.
कुणीतरी खोकतं. वाटाणे फुटतात दाताखाली.
आणि एक तास बारा मिनिटांवर
शिट्ट्यांच्याही वरून, मागून, उंचावरून,
"एक मिनट, भइया लोग, एक मिनट!"

हे माझे वडील.
दुसरीकडे कुठेही त्यांचा आवाज नाही.
माझ्या लग्नाच्या व्हिडिओत
ते हात जोडून उभे आहेत, गप्प.

त्यांना कळलं होतं का, मी विचारलं नाही.
त्यानंतर ते जुडगा उशाखाली ठेवायला लागले,
एवढंच.
मूनलाइटमध्ये आता हार्डवेअर मिळतं.
मशीनच्या खोलीत रंगाचे डबे.

इथे ऑकलंडला प्रणीता मला सिनेमाला नेते.
बावीस डॉलर तिकीट. खुर्ची मागे झुकते,
इतकी, की दवाखान्यात असल्यासारखं वाटतं.
हॉलमध्ये आम्ही दोघं, एक पंजाबी जोडपं,
आणि कोपऱ्यात झोपलेला एक नर्सच्या कपड्यातला मुलगा.
चित्र स्वच्छ. नायिकेच्या कपाळावरची लव मोजावी.
खोकत नाही कुणी.
मी खोकलो तर दोघं वळून बघतात.

अंधारात मी घड्याळ डोळ्यांजवळ नेतो.
एक तास अकरा.
प्रणीता कुजबुजते, "बाबा, कंटाळलात? जाऊ या?"
मी मागे वळून वर बघतो,
तिथे एक छोटी चौकोनी काच,
काचेमागे उजेड,
उजेडामागे कुणी नाही.
तिच्या हातावर हात ठेवून म्हणतो,
एक मिनिट.