ब्याऐंशी

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे चक्की.
मागची, मी.
मधल्या दाराला बाबांनी त्या वर्षी
खताच्या चुंगड्यांचा पडदा शिवून लावला
आणि बाहेर कडुनिंबापासून दोरी ताणली :
डबे दोरीपलीकडे. खडूनं नाव. दळण संध्याकाळी.
सयत्राबाई तेवढी म्हणाली,
"पोरीचं काळीज फुटकं हाय ना बापा, सांभाळ."

फुटकं नाही, म्हणायचं होतं मला.
एक भोक आहे, एक वाट अरुंद आहे,
दोन बांध्यांमधली धुरी फुटली की
पाणी कुठलं कुठे जातं, तसं आहे.
पण पडद्याआडून एवढं कोण बोलणार.

शाळेत मला जांभूळ म्हणायचे.
तलावाची पाळ चढताना मी मधेच उकिडवी बसायची,
गुडघे छातीशी घेऊन,
आणि पोरी पुढे निघून जायच्या.
कोणी शिकवलं नव्हतं ते बसणं.

चैत्रातली ऑपरेशनची तारीख
नागपूरहून फोन आला आणि पुढे गेली.
मग अजून पुढे.
मग फोनच उचलेनात.

तो उन्हाळा मी आवाजांवर काढला.
चक्कीच्या तोंडात गहू पडतो तो वेगळा,
लाखोरी पडते ती वेगळी.
खोकलेही ओळखू यायचे.
आसारामकाकांचा तंबाखूचा, तो जुना.
नवा खोकला आला
की आई चुलीवरचं तसंच टाकून उठायची.

भादव्यात कापगते बाई आल्या, आशाताई,
काखेत रजिस्टर, हातात ते बोटाला लावायचं यंत्र.
आई अठ्ठ्याण्णव. बाबा सत्त्याण्णव.
माझ्या बोटावर यंत्रानं जरा विचार केला.
ब्याऐंशी.

बाई दोन पावलं मागे सरल्या, फोन काढला,
"गाडी पाठवा जी, साकोलीले न्या लागते."
साकोलीला, एका हॉलमध्ये चाळीस खाटा,
जिथे खरोखरीचे आजारी होते.
चारचौघांत तोंड न उघडणारी माझी आई
तांदळाच्या कोठीतून प्लास्टिकमधला कागद घेऊन आली :
"वाचा बाई. हिचं ब्याऐंशीच राह्यते.
अठ्ठ्याण्णव आलं त मंग घाबरा."

बाईंनी वाचलं. परत वाचलं.
रजिस्टरात अशा माणसाचा रकाना नव्हता.
मग खडू मागितला आणि दारावर लिहिलं,
यामिनी, ८२, बरोबर.
धानाच्या भावासारखा माझा आकडा
वर्षभर दारावर राहिला.

पुढच्या वैशाखात, रात्री, फोन.
शब्दाशब्दाला थांबत होत्या, मी थांबे मोजत होते.
"यामू, माहं… ब्याऐंशी आलं.
तू कशी राहतेस वं याच्यावर?"

काय सांगू.
मी एकोणीस वर्षं तिथे बिऱ्हाड केलंय, बाई,
तुम्ही काल रात्री विहिरीत पडलात.
असं नाही म्हटलं.
म्हटलं, पालथ्या झोपा, बोलू नका, फोन चालू ठेवा.
आणि पडद्यावर मुठी मारून बाबांना उठवलं.

बाबा त्यांना आसारामकाकांच्या टेम्पोतून घेऊन गेले,
आणि परत आल्यावर चौदा दिवस घरात आले नाहीत.
चक्कीतच झोपले, पट्ट्याखाली, पीठ अंगावर घेऊन.
रोज पहाटे दार दोनदा वाजवायचे.
मी दोनदा वाजवायची.
तेवढंच.

आषाढात एक दिवस खिडकीतून दिसल्या.
कमरेवर डबा, निम्म्या झालेल्या.
हातपंपापाशी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं,
कोणी नाही बघून
डबा खाली ठेवला आणि उकिडव्या बसल्या,
गुडघे छातीशी.

मी हात वर केला. बसा, घाई नाही.
चक्की चालू होती, ऐकू गेलं नसेल.
त्यांनी तोंडावरचं फडकं सारखं केलं
आणि बसूनच राहिल्या.