इतिवृत्त

चौतीस वर्षं मंडळीचं इतिवृत्त मीच लिहितो.
मिल बंद पडली त्या रविवारचीही नोंद आहे:
अर्पण रुपये एकशे बारा,
उपस्थिती नेहमीपेक्षा जास्त.
आता सभेत सगळे हिंदी बोलतात.
मराठीत लिहिणारा मी शेवटचा
आणि वाचणारी बहुधा वाळवी.

चौथा विषय छताच्या पत्र्यांचा होता,
तो पाऊण तास चालला.
पाचव्याला पाणी मागवलं.
रणभिसे सरांनी पेपरातला फोटो
टेबलावर तळहातानं सरळ केला.
रीगल चौकातला मोर्चा.
मधोमध माझी हेप्सिबा, हातात पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर इंद्रधनुष्य.
शेजारी चौरडियांची नुपूर,
जी नाताळला आमच्याकडे करंज्या तळते
आणि दर वर्षी दोन तरी फोडते.

रंग संडे स्कूलचेच, मला ठाऊक आहे,
जलप्रलयाच्या धड्याला आणलेले.
तांबडा कमी पडला तेव्हा
माझी लाल शाई नेली,
विचारून.

डॅनियलकाका म्हणाले, खऱ्या धनुष्यात सात रंग,
यांच्यात सहाच. इथंच कळतं.
कोणी हसलं नाही. मी हसणार होतो.
खाली कचरागाडी आली, गाणं वाजवत,
ओला वेगळा, सुका वेगळा.
गाणं दूर जाईपर्यंत पाळक थांबले.

ठराव:
कु. हेप्सिबा शांतवन ओहोळ हिला
संडे स्कूलच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे.
(मुक्त हा शब्द माझा नाही.)
सूचक श्री. रणभिसे.
अनुमोदक सौ. मकासरे,
टायफॉइडमध्ये जिच्या उशाशी
हेप्सी अकरा रात्री बसली होती.
असलं काही इतिवृत्तात येत नाही.

पाळक म्हणाले, "कारण भी लिखिए."
स आणि म,
काना ना मात्रा, पहिलीतलं पोरही लिहील.
मग लि. त्यावर टिंब द्यायचं
तिथं निब अडलं.

मी भांडखोर नाही. गुडघे दुखतात तरी
रोज टेकतो.
पण त्या शेवटच्या जेवणाला
माझ्यासारखा कोणी वही घेऊन बसला असता
तर कोणाकोणाला उठवायचं
याचा ठराव झालाच असता.
बरं झालं, तिथं नुसती भाकर होती.

याच कपाटात बाप्तिस्म्याची वही आहे,
पान बेचाळीस, अक्षर माझंच.
तेव्हाच्या पाळकांनी नावाचा अर्थ विचारला होता.
समासात बारीक लिहिलंय:
माझा आनंद तिच्या ठायी.
तो समास कोणी रद्द केलेला नाही.
विषयपत्रिका दोनदा पाहिली,
तसा विषय नव्हता.

आमच्याकडे लिहिणाऱ्याला मत नसतं.
हा नियमही माझ्याच अक्षरात आहे.
अनुकूल: सात.
तटस्थ: दोन.
इथं हात उचलायचा असतो. उचलला नाही.
विरोधात: एक.
"ये कौन?" रणभिसे सरांनी डोकी मोजली,
चष्मा पुसून परत मोजली.
मी खाली सही केली.

शिक्षकांच्या यादीतलं नाव
लाल शाईनं कापायचं असतं.
दौत काढली, उघडली, उलटी केली.
तळाला तांबडी पापडी फक्त.
पाळक म्हणाले, पुढच्या रविवारी आणा.
म्हटलं, बघतो,
सियागंजात मिळाली तर.

शेवटची प्रार्थना झाली.
डोळे मिटले होते की नाही, आठवत नाही.

फाटकाशी दोघी स्कूटरवर.
"झालं लिहून?"
"झालं. अक्षर बिघडलं जरा."
नुपूर मागे सरकली, मधे जागा केली.
"पोलीस पकडतील, तिघं," मी म्हणालो
आणि वहीची पिशवी पोटाशी धरून
बसलो.