अकरा चौकटी

मार्गशीर्षात, म्हसवडच्या जत्रेत,
माणगंगेच्या कोरड्या पात्रात आमचा तंबू.
वाळूत खुंट्या धरत नाहीत
म्हणून दोरांना धोंडे बांधलेले.
मागं इंजिन धपापतंय
आणि त्याच्याजवळ मी, मासाळांचा बिरू,
मेंढरं चुलत्याच्या गळ्यात घालून आलेला.
तेलपाणी बघायचं, रात्रीचे आठ आणे.

मशीनवर बाबालाल मुलाणी.
कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून
त्यातनं ते उजेड काढायचे,
डोळ्याला काळी काच लावून, चुलीत बघावं तसे.

देवाच्या खेळाआधी सरकारी वार्तापट.
सक्तीचा. वर भाडं आपणच भरायचं,
मालक त्यावरनं रोज शिव्या द्यायचा.
सव्वीस जानेवारीचं रीळ
वडूज, दहिवडी, कुठं कुठं फिरत, ओरखडे घेत
आमच्यापर्यंत आलं तेव्हा डिसेंबर लागलेला.
दिल्लीत त्या दिवशी पाऊस होता,
असंच आम्हाला वाटलं. लोक हळहळले,
तिथं पडतो, माणात नाही.

घोडे आले. बग्गी आली.
तोफेचा धूर आधी, आवाज मागनं.
मग खांब,
आणि खांबाच्या टोकाला गुंडाळलेलं फडकं,
भाकरी बांधावी तसं.
दोरीला हात गेला.

तिथंच रीळ अडकलं.
फडक्यावर एक तांबूस ठिपका,
करपणाऱ्या भाकरीवर उठतो तसा,
मोठा, मोठा,
आणि अख्खा पडदा पांढराफेक.
बाबालालनी वरनं खालनं फिल्म तोडली.
पेटलेला तुकडा वाळूवर पडला,
मी खांद्यावरचं घोंगडं टाकलं.
ते घोंगड्याखालीही जळतच राहिलं,
पाण्याचंसुद्धा ऐकत नसे तसली फिल्म.

करपलेलं कापलं, टोकं घासली, डिंक लावला.
पिकल्या केळ्यांचा वास सुटला तंबूभर.
पुन्हा घोडे, पुन्हा बग्गी, धूर,
गुंडाळलेलं फडकं, दोरीवर हात,
आणि एकदम, मधे काहीच न होता,
झेंडा फडकतोय.

टाळ्या पडल्या. शिट्ट्याही.
बायकांच्या बाजूनं तानूबाई लोखंडे उठली.
तिचा थोरला बेचाळीसात धरून नेलेला.
येरवड्याहून त्याच्या कपड्यांचं गाठोडं आलं होतं
आणि फळीवर तसंच होतं, सगळ्या गावाला माहीत.
ती बाबालालना म्हणाली,
"गाठ कुणी सोडली रं? मला दिसली न्हाई."

बाबालालना उत्तर सुचेना.
एरवी तोंडाचा पट्टा चालायचा त्यांच्या.
"मावशी, ती आमच्याकडनं जळली," म्हणाले,
"दिल्लीत सुटली व्हती, शपथ."
ती म्हणाली, "मंग दाखीव की."
दुसऱ्या रात्री आली, तिसऱ्या रात्री आली,
वार्तापट संपला की उठून जायची.
देवाचा खेळ तिनं पाहिलाच नाही.
चौथ्या रात्री आली नाही.
तिनं तिची सोडली का,
मी विचारलं नाही. विचारायचं वय नव्हतं,
आणि नंतर वय झालं तर ती नव्हती.

कापलेल्या तुकड्यात अकरा चौकटी धड होत्या.
बाबालाल म्हणाले, ठेव तुला,
अर्धा सेकंदसुद्धा भरत नाही.
चुन्याच्या डबीत ठेवल्या.
उन्हाला धरलं की दिसायचं:
फडकं, फडकं, फडकं,
अकराव्यात दोरी जरा सैल.
एवढंच.

पुढं ग्रामपंचायतीत टीव्ही आला.
पोरं छपरावर चढून अँटेना फिरवायची,
"आलं का? आलं का?"
त्यातही पाऊस होताच, वेगळ्या जातीचा.
सव्वीस जानेवारीला सरपंचानं खुर्ची दिली.
दिल्ली त्याच घटकेला चाललेली म्हसवडात,
रीळ नाही, भाडं नाही, अकरा महिने नाहीत.
खांब आला. दोरीला हात गेला.

आणि माझे डोळे मिटले.
मुद्दाम नव्हे.
उघडले तेव्हा फडकत होता.
शेजारचं पोरगं म्हणालं, आजा, बघितलंस का?
म्हटलं, बघितलं.

डबीतल्या चौकटींचा आता गूळ झालाय,
तपकिरी, चिकट, एकीतनं एक सुटत नाही.
घोंगडं आहे अजून. मधोमध भोक, तळहाताएवढं.
सुनेनं दोनदा ठिगळ आणलं,
दोन्ही वेळा मी म्हणालो, राहू दे.