रकाना चौदा

तीनदा फोन केला होता मी तिला.
तिन्ही वेळा रजिस्टरात लिहिलं, माझ्याच अक्षरात:
उमेदवाराने फोन उचलला नाही.
पुढे 'उत्सुक दिसत नाही' असंही लिहिणार होतो,
पेन अडलं म्हणून राहिलं.

मग तिचा मेसेज आला:
मी बहिरी आहे. अर्जातला रकाना चौदा पाहावा.
फोन थरथरतो ते कळतं मला.
पलीकडून काय म्हणतात ते नाही.

रकाना चौदा:
मुलाखतीसाठी काही सोय हवी असल्यास नमूद करावे.
अकरा वर्षं मीच छापून घेतोय हा अर्ज
आणि तेरानंतर नजर थेट सहीवर जाते माझी.
तिथे तीन ओळी होत्या, बारीक,
चौकटीबाहेर एक वेलांटीही न गेलेल्या.
खुणांची भाषा जाणणारा दुभाषी.
प्रश्न लेखीही मिळाल्यास बरे.
बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात असावा.

सुलक्षणा वैती, दिवाळे गाव, बी.एस्सी. रसायनशास्त्र.
रबाळ्याचा आमचा रंगांचा कारखाना,
पद छटा-तपासनीस, जागा एक.

केंकरे साहेब म्हणाले,
दुभाष्याचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे?
म्हटलं, चहा-बिस्किटांच्या.
हसले नाहीत. सही मात्र केली.

आदल्या दिवशी सकाळी, सहज,
उमेदवाराच्या खुर्चीत बसून पाहिलं.
समोर खिडकी, खिडकीत पारसिकचा डोंगर,
डोंगरावर दहाचं ऊन
आणि त्या उन्हाला पाठ करून बसलेले साहेब.
नुसता काळा आकार. तोंडच नव्हतं त्यांना.
किती जणांनी उत्तरं दिली असतील या आकाराला?

घरत आणि मी टेबल फिरवलं.
शिसवी, जुनं, दोघांना न आवरणारं.
फरशीवर दोन पांढरे ओरखडे उठले,
ते अजून आहेत.

वाशीहून अल्मेडा बाई आल्या.
साहेब त्यांना म्हणाले, हिला विचारा, अनुभव किती?
बाईंनी जसंच्या तसं हातांनी सांगितलं,
'हिला विचारा'सकट.
सुलक्षणाने साहेबांकडे पाहिलं, बोटं हलली.
बाई म्हणाल्या, त्या म्हणतात,
विचारा ना, मी इथेच आहे.

मग पांढऱ्याचे तुकडे मांडले तिच्यासमोर.
तिने अकरा पांढरे वेगळे काढले.
दुधाचा, चुन्याचा, शिंपल्याच्या आतल्या बाजूचा.
आमचे जुने पाटणकर आठवर थांबायचे.

शेवटचं गणित पातळ करण्याच्या प्रमाणाचं.
तिथे तिचा दशांश एक घर सरकला.
अख्खी टाकी वाया गेली असती.

जागा कळव्याच्या एका मुलाला गेली, तीन गुणांनी.
साहेब म्हणाले, वाईट वाटतं हो, द्यायची का तिलाच?
मी काही बोललो नाही.
गुणपत्रिका त्यांच्यासमोर सरकवली.

फोन केला नाही. पत्र लिहिलं,
चुकलेलं गणित सोडवून जोडलं सोबत.
उत्तर आलं:
आजवर सहा ठिकाणी नाकारली गेले.
का, ते कुणी सांगितलं नव्हतं.
नापास मात्र पहिल्यांदाच झाले.
दशांश माझाच होता. आभार.

हे वाचून बरं वाटावं की लाज,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरतने विचारलं, टेबल परत फिरवू?
राहू दे म्हटलं.
साहेबांच्या डोळ्यांवर ऊन येतं हल्ली,
ते कपाळावर हात धरून प्रश्न विचारतात.
परवा एक पोरगा मध्येच उठला
आणि आपणहून पडदा थोडा ओढून आला.
साहेब थँक्यू म्हणाले त्याला. मी ऐकलं.

मार्गशीर्षात दुसरी जागा निघाली.
गठ्ठ्यात खालून तिसरा अर्ज तिचा.
आता मी चौदापासून वाचायला लागतो.
तिथे एवढंच होतं:
मागच्यासारखंच.